मेलेल्याच्या वाट्याचा मका

लेवोवेरा, ६ फेब्रुवारी २०१२

सेवेरिन,

हे पत्र क्लेमेन्सच्या हाती देते आहे, तो याच जहाजाने साबाला परत निघालाय. फोनवरही सांगितलं असतं, पण आपल्याकडे फोन लागतो तो फक्त चर्चच्या टेकडीवर, आणि तिथे मी एक वाक्य बोलले की अर्ध्या गावाचं ऐकून होतं. तुमच्या पामच्या मळ्यात तर तेवढीही सोय नाही. म्हणून कागद.

आधी खाली बस. मंगळवारी आपल्या धाकट्या नेलिसला खोड्यातून काढला.

आता ओरडू नकोस, पुढे वाच. मी आरोग्य केंद्रासाठी बाळांची वजनं करते हे तुला ठाऊक आहे. नोव्हेंबरमध्ये आम्हा पाच गावांच्या पाच बायकांना तालुक्याला बोलावलं, पाच दिवस शिकवायला. मला वाटलं होतं पुन्हा जुलाब आणि साखरपाणी. पण आलेल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्यापैकी कुणाच्या घरी माणूस बांधून ठेवलेला आहे? एकीनेही हात वर केला नाही. मीही नाही. मग चहाच्या सुट्टीत न्हाणीघरामागे आम्ही एकमेकींना सांगितलं. पाच बायकांत मिळून सात माणसं निघाली, सेवेरिन. दुपारी आम्ही पाचही जणींनी हात वर केले.

आमची इमाकुलाता नर्स डिसेंबरात माझ्याबरोबर काजूच्या बागेतल्या झोपडीपर्यंत चढून आली. महिन्यातून एक सुई. पहिल्या सुईनंतर तो नुसता झोपला. दुसरीनंतर मी मका घेऊन गेले तर म्हणाला, "ताई, आंघोळीला पाणी मिळेल का?" नऊ वर्षांत त्याने मला पहिल्यांदा ताई म्हटलं. मी तिथेच खाली बसून रडले.

तू ठोकलेली पाचर निघता निघेना. चार माणसं लागली. फणसाचं लाकूड, आणि तुझा हात! पाय मोकळे झाले पण गुडघे सरळ होत नाहीत, बसूनच सरकतो. खोड्याच्या छिद्रांवरून बोट फिरवत म्हणाला, "दादाचं काम. बघ किती गुळगुळीत केलीत, पाय सोलवटू नयेत म्हणून." मग तू कुठे आहेस ते विचारलं.

आता काम. नर्सने ही औषधाची बाटली कुपांगला राहायला गेलेल्या एका रोग्याच्या नावावरची वापरली. जूनपर्यंत पुरेल. पुढे जिल्ह्याहून औषध येतं ते नाव आणि नंबर पाहून. नाव नाही तर सुई नाही. माझं नाव नवऱ्याच्या कुळाच्या कार्डावर, मी विधवा होऊन माहेरी परतले म्हणून ते बदलत नाही. नेलिस तुझ्या कुटुंब कार्डावर. ते कार्ड कुठे ठेवलंयस तेवढं कळव.

मेलानिया


साबा, २० मार्च २०१२

ताई,

क्लेमेन्सने पत्र दिलं तेव्हा मी जेवत होतो. उरलेलं जेवलो नाही.

मला आनंद झाला नाही असं समजू नकोस. पण लाम्बेर्तुस गुरुजींचा हात त्या दिवशी तू पाहिला नाहीस, तू तेव्हा सासरी होतीस. गुरुजी त्याला प्रार्थना शिकवायला आले आणि त्याने कोयत्याने त्यांची तीन बोटं उडवली. संध्याकाळी आख्खं गाव अंगणात. म्हणाले, एक तर तुम्ही त्याला बांधा, नाही तर आम्ही आमच्या पद्धतीने बघतो. आमची पद्धत म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फणसाचं झाड मी तोडलं. त्याला वाचवायला तोडलं.

सरकारी औषध म्हणजे आज आहे उद्या नाही. ज्या दिवशी संपेल त्या दिवशी त्याला धरणार कोण? तू? पन्नाशी उलटलीय तुझी.

आणखी एक. माझ्या ओदिलियासाठी वाइकेवाच्या शाळामास्तरांच्या घरून लग्नाची विचारणा आली आहे. मुलगाही मास्तरच आहे. पोरगी तुझ्याकडे आहे, तेव्हा माणसं तुझ्याच घरी येतील. ती घराण्याचं रक्त पाहणारी माणसं आहेत. जरा बेताने घे.

कार्डाचं म्हणशील तर कुठे ठेवलं आठवत नाही, बहुधा उंदरांनी खाल्लं. तू उगाच ग्रामकार्यालयात खेटे घालू नकोस, तो युसेबियस कारकून तारखांवर तारखा देतो. मीच काहीतरी बघतो.

सेवेरिन


लेवोवेरा, १४ मे २०१२

सेवेरिन,

तू बघेपर्यंत बाटली संपेल, म्हणून मीच गेले कार्यालयात.

आता हस. युसेबियसने संगणक उघडला. तुझं कार्ड निघालं: सेवेरिनुस, वेरोनिका, ओदिलिया. बस, तुम्ही नवराबायको आणि पोरगी, तीन ओळी. मग त्याने दुसरीकडे शोधलं तर काय, कोर्नेलिस, मृत, २००९! मी म्हटलं, अहो कारकूनसाहेब, तुमचा मृत माणूस काल माझ्याकडे दोन वाट्या मका खाऊन वर मिरची मागत होता. तो हसला नाही. खाली मान घालून बराच वेळ बटणं पुसत बसला आणि मग तू पत्र पाठवतोस का एवढंच विचारलं. चूक केल्याची लाज वाटली असावी बिचाऱ्याला. मी फार बोलले नाही.

घरी येऊन नेलिसला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "मेलेल्या माणसाला मका लागतो का गं?" म्हणाला आणि वाटी पुढे केली. तेव्हापासून प्रत्येक जेवणाला तेच. ओदिलिया ओरडते, काका, अभद्र बोलू नका. पण वाढताना त्याच्या वाट्याला जास्तच टाकते.

दोन बांबू धरून आता उभा राहतो. पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं. काजू फोडून देतो, माझ्यापेक्षा कमी तुकडे होतात. आणि परवा लाम्बेर्तुस गुरुजी आले. मी कोयता लपवला, खोटं कशाला सांगू. दोघं तासभर एकमेकांसमोर बसले. शेवटी नेलिस म्हणाला, "गुरुजी, तो हात द्या." गुरुजींनी दिला. त्याने तो कपाळाला लावला. जाताना गुरुजी मला म्हणाले, औषध चुकवू नकोस म्हणजे झालं.

तेव्हा ऐक. कार्डावरची चूक फक्त कुटुंबप्रमुखाच्या लेखी जबाबाने सुधारते. सोबत मजकूर लिहून पाठवते आहे, त्यावर महसुली तिकीट लाव, तिकिटावरून आडवी सही कर आणि पहिल्या जहाजाने परत धाड. एवढं एकच काम. जूनमध्ये शेवटची सुई आहे.

मेलानिया


साबा, २ जुलै २०१२

ताई,

चूक युसेबियसची नाही.

२००९ साली आईच्या मातीला आलो होतो, तेव्हा नवी कार्डं लिहून घेत होते. युसेबियसने माझ्यासमोर एक एक नाव वाचलं. चौथ्या नावाला मी म्हटलं, वारला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग कागद पुढे केला, मी सही केली. जिभेवरून निसटलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. कार्यालयात जाताना वाटेत मी तो शब्द तीनदा बोलून पाहिला होता.

ओदिलिया तेव्हा तेरा वर्षांची होती. ज्या घरी वेडा बांधलेला आहे त्या घरची मुलगी कोण करतो? मला वाटलं, तो तसाही बाहेर येणार नाही. आपण त्याला जेवायला घालतोच आहोत. कागदावरचा एक शब्द, त्याने त्याच्या ताटातलं काय कमी होतं?

वाइकेवाच्या लोकांना मी काका वारले असंच कळवलं आहे. १८ ऑगस्टला ते मुलीचं मोल म्हणून द्यायचा हस्तिदंत घेऊन येतील. एकदा दंत आपल्या उंबऱ्याच्या आत आला की तो कुणी परत नेत नाही, तुला ठाऊक आहे. मग मी सही करतो. खोट्या जबाबासाठी मला आत टाकतील तर टाकोत. फक्त तोवर थांब. सहा-सात आठवड्यांत काय होतं, ताई?

सेवेरिन


लेवोवेरा, २७ ऑगस्ट २०१२

सेवेरिन,

तुझं पत्र मी चुलीत घातलं आणि पेट घ्यायच्या आत बाहेर काढलं. कोपरा जळलाय. बहीण म्हणून जे म्हणायचं ते समोर आलास की म्हणेन.

पण मी थांबले. हे लिहून ठेव, उद्या मला सगळा दोष तुझ्यावर ढकलता येऊ नये. ओदिलियाचं तोंड बघून मी थांबले. शेवटची सुई ११ जूनला झाली. जुलै कोरडा गेला. इमाकुलाता दोनदा जिल्ह्याला जाऊन आली, तिथे तिला सांगितलं, नंबर आणा. ती म्हणाली, माणूस आणते, चालेल? तिला तिथल्यांनी गप्प बसवलं. ऑगस्ट लागला तसा नेलिस भिंतीशी बोलायला लागला. तरी माझं म्हणणं त्याला कळत होतं.

१७ तारखेला मी त्याला सगळं सांगितलं. तू काय केलंस तेही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे उद्या मी मेलेलाच ना? बरं. मेलेल्यांना आवाज नसतो." पहाटे मी आणि ओदिलियाने त्याला परत काजूच्या बागेत नेलं. पोरगी वाटभर रडत होती. त्याने स्वतःच्या हाताने तोंडात पंचा कोंबला. मी दार बाहेरून ओढून घेतलं.

दंत आला. हाताएवढा जाड, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. डुक्कर कापलं, गाणी झाली, मी ताडी वाढत हिंडले. मुलाची आई माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, हिला वास आला.

उन्हं कलल्यावर मी जेवण घेऊन वर गेले. सेवेरिन, तो खोड्यात बसला होता. खोडा मी तिथेच पडू दिला होता, ही माझी चूक. वरचं लाकूड बाजूला पडलेलं, पाचर नाही, आणि हा आपले दोन्ही पाय त्या छिद्रांत ठेवून बसलेला. म्हटलं, अरे हे काय? म्हणाला, "दादा सांगून गेला, इथे बस."

आता तो झोपत नाही. मी दाराला आडवी होऊन बसते. तुझा दंत उंबऱ्याच्या आत आहे. कागद पाठव.

मेलानिया


साबा, १६ सप्टेंबर २०१२

ताई,

कागद सोबत आहे. तिकिटावर सही केली आहे. तुझा मजकूर तसाच लिहिला नाही. तू लिहिलं होतंस, नोंदीत चूक झाली. मी लिहिलं आहे, माझा भाऊ कोर्नेलिस जिवंत असताना मी त्याला मेलेला सांगितलं. मुकादमाने वाचलं आणि म्हणाला, असं कुणी स्वतःहून लिहितं का? मी म्हटलं, असू दे.

क्लेमेन्सची बायको घेऊन येते आहे. मागचं जहाज बिघडून बंदरात पडलं, त्यात दोन आठवडे गेले. तिच्याजवळ एक खोकंही दिलं आहे. त्यात नेलिससाठी बूट आहेत. गुडघे सुटले की लागतील. माप विचारायला पत्र नाही पाठवलं. त्याच्या पायाचं माप मला पाठ आहे.

त्याला सांग, तो खोडा तोडून सरपण कर म्हणावं, दादाने सांगितलंय.

सेवेरिन


लेवोवेरा, ९ नोव्हेंबर २०१२

सेवेरिन,

तुझा कागद १२ ऑक्टोबरला पोचला. नेलिस ३ ऑक्टोबरला गेला.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवू शकले नाही, म्हणून आता तुलाच सगळं सांगते, एकदाच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझा डोळा लागला आणि तो दोन बांबूंवर शाळेच्या अंगणात गेला. पाठीला कोयता बांधलेला होता. कुणालाही काही केलं नाही. त्याला गुरुजींच्या छपराचं गवत कापायचं होतं, असं तो सांगत होता. पण पोरांच्या आया किंचाळत होत्या, त्याचं कोण ऐकणार? संध्याकाळी आपल्या अंगणात पुन्हा आख्खं गाव. गुरुजी एकटे म्हणाले, मी त्या लाकडाला हात लावणार नाही, ज्याला बोटं जास्त झाली असतील त्याने लावावा. तिघांनी लावला. पाचर माझ्याकडून धरवून घेतली, घरच्या माणसाचा हात लागतो म्हणून. मी धरली.

डाव्या पायाला आधीच चीर होती, ती चिघळली. पाय खोड्यात सुजला. सोडवला तोवर ताप डोक्यात गेला होता. झोळी करून खाली आरोग्य केंद्राकडे नेताना वाटेत गेला, ओढ्याच्या अलीकडे. इमाकुलाता समोरून येत होती, तिच्या पिशवीत औषध होतं. स्वतःच्या पगारातून कुठूनतरी मिळवलेलं. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहिलो.

मातीला वाइकेवाची माणसं आली. लपवण्यात अर्थ उरला नव्हता, ओदिलियाने स्वतः त्यांना सांगितलं की आज जातोय तो माझा काका, तोच काका. मुलाच्या आईने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता दंत मागणार. ती म्हणाली, "आमच्या धाकट्या दिराला बांधून चौदा वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही वरच्या बागेकडे सारखं बघत होता ना, तेव्हाच मी ओळखलं." त्या दिराचं नावही त्यांच्या कार्डावर नाही, सेवेरिन. ज्यांच्या भीतीने आपण थांबलो, ते आपल्या भीतीने गप्प होते.

चर्चच्या वहीत नोंद करायला मृत्यूचा दाखला हवा होता. मी युसेबियसकडे गेले तेव्हा त्याने कपाटातून काढून लगेच पुढे ठेवला. २००९ चा. "आहेच की," म्हणाला. वाईट हेतूने नाही, माझी खेप वाचावी म्हणून. मी तो घेतला नाही. चर्चची वही तशीच कोरी ठेवायला लावली आणि परत आले. १२ तारखेला तुझा कागद आला, १३ ला तो त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आधी त्याला जिवंत लिहा.

युसेबियस म्हणाला, "बाई, आज लिहायचा आणि उद्या खोडायचा, त्याला अर्थ काय?"

मी म्हटलं, "आज लिहा. उद्या मी येते."

तुझा कागद त्याने दोनदा वाचला. मग लिहिला. कार्ड छापून निघालं. त्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही, कार्ड घेऊन घरी आले आणि दारात बसले. १४ ला सकाळी जाऊन त्याला मृत लिहून घेतला, खऱ्या तारखेने.

तुझ्या कागदाची नक्कल आम्ही पाच बायका आणि इमाकुलाता जिल्ह्याच्या बैठकीत घेऊन गेलो. मी तो उभी राहून वाचला. तुझं नावही वाचलं, राग मानू नकोस. पाच गावांत कार्डावर नसलेली तेवीस माणसं आम्ही लिहून नेली होती. वाइकेवाच्या दिराचं नाव त्याच्या वहिनीने स्वतः सांगितलं. वरून हुकूम निघाला: आधी सुई, कागद मागून. तीन महिन्यांपुरता आहे. जानेवारीत पुन्हा जाऊन भांडावं लागेल.

खोडा मी जाळला नाही, तुझा निरोप असूनही. चार जणांकडून उचलून आणला आणि बाळांची वजनं करतो त्या ओसरीत ठेवला. बायका पोरं मांडीवर घेऊन त्यावर बसतात. पहिल्या दिवशी कुणी बसेना. मी बसले. कुणी विचारलं की सांगते हे काय आहे आणि कुणी केलं. छिद्रं गुळगुळीत का आहेत, तेही सांगते.

बूट आले. दारापाशी ठेवलेत. माप बरोबर होतं की नाही ते आता कळायचं नाही.

सोबत १३ ऑक्टोबरचं कार्ड पाठवते आहे. सरकारच्या लेखी ते एकच दिवस खरं होतं. चौथी ओळ बघ.

मेलानिया